कुंदाचं दार

शैला, काल कुंदानं तुला माफ केलं. आणि मी समोर बसून ते ऐकून घेतलं.

ती आणि निर्मला, दोघी आल्या होत्या वडाळ्याच्या या भाड्याच्या खोलीवर. लालबागची चाळ पाडल्यापासून सगळेच पांगलेत. कुंदा परळला मुलाकडे, निर्मला शिवडीला आणि आपण इथे. टॉवर होईल तेव्हा होईल. तरी दोघी ठरवून एकत्र आल्या, डब्यात घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ घेऊन. तुझं तेरावं होऊन गेलंय. आता सांत्वनाला येणारी माणसं कमी झालीत, त्यामुळे खोलीत आम्ही तिघंच होतो. कुंदा तुझ्या फोटोकडे बघत बसली आणि मग म्हणाली, "भाऊजी, तीस वर्षं दारासमोर दार होतं आमचं. तिनं गावाला बंगला बांधला आणि आम्हाला एका शब्दानं बोलावलं नाही. आमचं काय चुकलं होतं?"

निर्मलानं तिला कोपर मारलं. कुंदानं पदरानं डोळे पुसले. "जाऊ दे. गेलेल्या माणसाचं मनात धरू नये. मी तिला माफ केलं."

आणि मी काय म्हणालो? चहा गार होतोय म्हणालो.

त्या गेल्यावर डबा तसाच ठेवला. तुझ्या फोटोसमोर बसून तुला मोठ्यानं सांगावं म्हटलं, पण जीभ रेटेना. जिवंतपणी रेटली नाही ती आता काय रेटणार. म्हणून लिहितोय. जन्मभर भांड्यांवर लोकांची नावं घातली मी, निदान अक्षर तरी चांगलं आहे असं तू म्हणायचीस. तर आधी सरळ सांगून टाकतो. कुंदाचं काही चुकलं नव्हतं, निर्मलाचं नव्हतं आणि तुझं तर नव्हतंच. तू त्यांना बोलावलं होतंस. निरोप माझ्याकडे दिला होतास. मी तो पोचवला नाही, आणि तुला येऊन सांगितलं की त्यांना जमणार नाही.

हे तुला कधी कळलं नाही. आपण बोलावूनही त्या आल्या नाहीत असंच मनात घेऊन तू गेलीस. ते आठवलं की मला आरशात बघून दाढी करवत नाही.

का केलं, ते सांगतो. हसू नकोस. लाज वाटली म्हणून केलं. तुझ्या मातीच्या घराची लाज.

आपला वाद तुला आठवत असेलच, तो काही संपला नाही. माझे बाबा गिरणीत होते. त्यांच्या खात्यातल्या प्रत्येक कोकणी माणसाचं एकच स्वप्न होतं, गावच्या घरावर स्लॅब टाकायचा. बाबांनी मातीच्या भिंती स्वतःच्या हातानं पाडल्या, पहार घेऊन. सिमेंटचं घर उभं केलं आणि वर सळ्या तशाच ठेवल्या, पुढेमागे माडी चढवू म्हणून. त्या सळ्यांवर आजही माझ्या वहिनीचे कपडे वाळतात. पण आमच्या घराकडे बोट दाखवून लोक म्हणायचे, मुंबईत कमावलंन हो. आणि तू, पन्नाशी उलटल्यावर, तुझ्या आईच्या वाट्याला आलेल्या त्या जमिनीच्या तुकड्यावर मातीचं घर बांधायचं म्हणालीस. मी म्हटलं, बाबांनी जे पाडलं तेच तू परत बांधणार? त्यावर तू काय म्हणालीस ते माझ्या डोक्यात अजून आहे. म्हणालीस, सासरच्या त्या स्लॅबखाली मी पंचवीस मे महिने भाजून निघालेय, तुमचे बाबासुद्धा शेवटी अंगणातच झोपायचे. मला राग आला, कारण ते खरं होतं. बाबा उन्हाळाभर अंगणात बाज टाकून झोपायचे, आणि तरी पाहुण्याला पहिला स्लॅब दाखवायचे. मी त्यांचाच मुलगा.

लोकांना मी बंगला सांगितलं. चाळीतल्या पोरांना, दुकानाच्या शेठला, कुंदाच्या मुलाला. "वहिनी दिसत नाहीत?" विचारलं की, गावी बंगल्याचं काम चाललंय. एकदा बोलून गेलो ना, मग मागे फिरता येईना.

त्यात तुझी ती दारं. चाळ रिकामी करायची नोटीस लागली आणि सगळे टीव्ही-कपाटं हलवण्यात गुंतले, तेव्हा तू भंगारवाल्याशी हुज्जत घालत होतीस. सागवानी दारं, कुणाच्या तरी आजोबांच्या काळातली, तो जळणाच्या भावात उचलायला निघाला होता. तू तीन दारं अडवलीस. आपलं, समोरच्या कुंदाचं आणि कोपऱ्यातल्या निर्मलाचं. कुंदाला तर पत्ताही नव्हता. नव्या इमारतीत फायबरची दारं येणार म्हणून ती खूश होती. टेम्पोत दारं चढवताना मी म्हटलं, लोकांचं भंगार घेऊन गावाला चाललो आपण. तू म्हणालीस, झाड तोडून नवीन करायचं आणि हे जाळायचं, ही कसली अक्कल. पण खरं कारण ते नव्हतं, किंवा तेवढंच नव्हतं. आपल्याला मूलबाळ नाही. घराबाहेरचं जे काही होतं तुझं, ते त्या गॅलरीतच होतं. कुंदाची पोरं तुझ्या मांडीवर झोपली, निर्मलाच्या धाकट्याला तू पाढे शिकवलेस. मला ते कळत होतं, आणि तरीही मी भंगार म्हणालो.

दसरा झाला आणि तू गावी गेलीस. मातीचं काम पाऊस थांबल्याशिवाय सुरू करता येत नाही आणि पुढचा पाऊस यायच्या आत वर कौलं चढायला हवीत. म्हणजे हिवाळा हाच काय तो हंगाम. तुझं घर उभं राहीपर्यंत तू शेजारी अशोकच्या पडवीत झोपणार, असं तुझ्या त्या मामेभावाशी तू परस्पर ठरवून टाकलं होतंस. मी पंधरा दिवसांनी यायचो, शुक्रवारच्या बसनं, आणि रविवारी परत. आलो की माझ्या तोंडाची टकळी चालू. अजून एवढंच? सिमेंट असतं तर एव्हाना रंग लागला असता. तू ऐकून घ्यायचीस. जांभ्या दगडाचं जोतं झालं, मग त्यावर मातीचा एक थर चढवायचा, फार तर हातभर उंच, आणि तो वाळेपर्यंत थांबायचं. मग वरचा. ओल्यावर ओला चढवला की भिंत बसते. थंडीत ऊन मवाळ, सकाळी दव, म्हणजे वाळायलाही वेळ. मी म्हणायचो, शेकोटी पेटवू का भिंतीला. गावच्या मातीत गेलीस की मालवणीच यायची तुझ्या तोंडात. म्हणायचीस, "मातीक घाई चलना नाय."

एका सकाळी तू मला खड्ड्यात उतरवलंस. रात्रभर भिजवलेली लाल माती, त्यात पेंढा, आणि ती पायांनी तुडवायची. पाय घातला आणि गारठा असा मस्तकात गेला की मी बोंबललो. अशोकची बायको हसली. तू माझा हात धरून खड्ड्यात गोल गोल चालत राहिलीस, पातळ स्वेटर घालून, साडी गुडघ्यापर्यंत खोचून. आपण लग्नात तरी एवढा वेळ हात धरला होता का, मला आठवत नाही. मग तू म्हणालीस, आता हा कोपरा तुमचा. स्वयंपाकघराच्या बाजूचा एक थर मी चढवला. दुसऱ्या दिवशी बघितलं तर तो बाहेर फुगलेला. मी म्हटलं, पाडून परत करू. तू म्हणालीस, राहू दे, तुमच्या पोटाच्या मापाचं झालंय. त्या दोन दिवसांसाठी तुझे आभार मानायचे राहिले. मी मुंबईला आलो आणि दुकानात कंबर धरून बसलो, आणि कुणी विचारलं तर म्हणालो, बाथरूममध्ये घसरलो. चिखल तुडवला हे सांगायची लाज.

दारं बसवायची वेळ आली तेव्हा पुन्हा भांडलो. तू कुंदाचं दार पुढं लावलंस आणि आपलं मागं. मी म्हटलं, दुसऱ्याचं दार दर्शनी? लोक तोंडात शेण घालतील. तू म्हणालीस, तीस वर्षं आपल्या दारात उभी राहून मी तेच दार बघितलंय, माझ्या डोळ्यांना तेच पुढे हवं. वर ते दार धड उघडतही नाही. खालून फुगलेलं, मूठ धरून वर उचलायचं आणि गुडघ्यानं ढकलायचं. सुतार म्हणाला, रंधा मारतो, दोन मिनिटांचं काम. तू त्याला हात लावू दिला नाहीस. कुंदा येईल तेव्हा तिच्या गुडघ्याला कळलं पाहिजे, म्हणालीस. सगळे बिचारे मागच्या दारानं ये-जा करायचे.

आणि मग त्या पुड्या. कौलं चढली, जमीन चोपून सारवून झाली, पौष संपत आला होता. माघात घरभरणी करायची ठरली. मी म्हटलं, फोन करून टाकू सगळ्यांना. तू माझ्याकडे असं बघितलंस की बस. म्हणालीस, आई गावभर फिरून अक्षता देऊन बोलवायची, मी फोनवर बोलावू? आणि फोन करायला तुला देवळाच्या चढावर जावं लागायचं, तिथेच दोन काड्या रेंज यायची. शिवाय घर पुरं होईपर्यंत कुणाला फोटो नाही, दारांचं तर नावही काढायचं नाही, हे तुझं आधीपासून ठरलेलं. तू हळद-कुंकू लावून तांदूळ कालवलेस, कागदाच्या दोन पुड्या केल्यास आणि माझ्या शर्टाच्या खिशात घातल्यास. दोघींच्या घरी जा, हातात द्या, आणि म्हणा शैलानं बोलावलंय. एवढंच काम होतं.

मी गेलो होतो गं. खोटं नाही सांगत. परळला कुंदाच्या इमारतीखाली उभा राहिलो. वर बघितलं, काचेच्या खिडक्या, लिफ्ट, वॉचमन. आणि डोळ्यांसमोर आलं की ही बाई रात्रभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून येणार, बंगला बघायला. आणि बघणार काय, तर मातीच्या भिंती आणि पुढं तिचंच फेकून दिलेलं दार. म्हणणार, ह्यांच्याकडे पैसे नव्हते म्हणून आमचं भंगार उचलून नेलं. मग ही गोष्ट चाळभर होणार, चाळ नसली तरी ग्रुप आहेच. वॉचमननं कुठे जायचं विचारलं. कुठे नाही म्हणालो आणि स्टेशनकडे वळलो. निर्मलाकडे तर गेलोच नाही. पुड्या छिन्नी-हातोडीच्या डब्यात टाकल्या. त्याच आठवड्यात दुकानात एकजण दोन डझन वाट्या घेऊन आला होता. गृहप्रवेशानिमित्त सप्रेम भेट, असं मी त्यावर चोवीस वेळा कोरलं.

पुढच्या फेरीला तू बस थांब्यावरच आलीस. काय म्हणाल्या? मी तयारी करूनच आलो होतो. कुंदाच्या सुनेचे दिवस भरत आलेत, ती हलू शकत नाही. निर्मलाच्या मिस्टरांचं डोळ्याचं ऑपरेशन. दोन्ही साफ खोटं. तू एकदाच विचारलंस, "एक पण येवची नाय?" मी मान हलवली. मग रस्ताभर तू सुनेचंच बोलत होतीस, कितवा महिना, बाळंतपण कुठे करणार. मला वाटलं, सुटलो.

मी म्हटलं, आपण दोघं करून टाकू पूजा, भटजींना सांगू. तू म्हणालीस, "भटाक काय, दक्षिणा दिली की खंयय येतलो." कुंदा-निर्मलाचं आटपू दे, पाडव्याला बघू. आणि पूजा झाल्याशिवाय, दूध उतू गेल्याशिवाय घरात राहायचं नाही, ही तुझी पद्धत. मी म्हटलं, अगं, कोण बघतंय, आत झोप, पडवीत गारठतेस. नाही म्हणालीस. समोर आपलं घर उभं, कौलं चढलेली, जमीन सारवलेली, आणि तू अशोकच्या पडवीत बाजेवर. मला वाटायचं, आपोआप मार्ग निघेल. पाडवा यायला अवकाश होता. तोवर काहीतरी सुचेल, नाहीतर तूच कंटाळून आत राहायला जाशील. तुझ्या हट्टाला मी नावं ठेवत होतो, आणि तुला बाहेर ठेवणारा मी होतो.

तुला चढावर जाऊन त्यांना एक फोन करता आला असता. मी त्याच भीतीत होतो. पण तू मानी. मी एकदा चाचपून बघितलं तर म्हणालीस, आपण बोलावलं, त्यांना नाही जमलं, आता परत फोन करून त्यांना अवघडवू कशाला. आणि इकडे त्यांनाही तोच ताठा, बंगलेवाली झाली, बोलावू दे तिला. दोन्हीकडचं मला ठाऊक होतं. मी तुमच्या तिघींच्या मधोमध बसून जेवत होतो, झोपत होतो, नावं कोरत होतो.

शेवटच्या फेरीला तू मला एक दुपटं दिलंस. तुझ्या निळ्या सुती साडीचं, आत जुनं धोतर घालून, बारीक धावदोऱ्याचं. कुंदाच्या नातवासाठी. संध्याकाळी पडवीत बसून शिवत होतीस म्हणे, थंडीनं बोटं वळायची नाहीत म्हणून एकेक ओळ. तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा, त्या मिनिटाला. मी ते पिशवीत घातलं आणि म्हणालो, कुंदा खूश होईल.

त्यानंतर मी आलो तो तुला भेटायला नाही, तुला पोचवायला. अशोकचा फोन आला होता, सकाळी चहा घेऊन त्याची बायको गेली तर तू उठली नाहीस. मी पोचलो तेव्हा तुला खळ्यात ठेवलं होतं, तुझ्या घराच्या समोर. मी म्हटलं, आत घ्या. कुणीतरी म्हणालं, घर भरलेलं नाही, पहिलं माणूस असं कसं आत न्यायचं. कोण म्हणालं ते मी बघितलंसुद्धा नाही. खरंच होतं ते. घर भरलेलं नव्हतं, आणि ते कुणामुळे हे तिथे एकालाच माहीत होतं. तू त्या घराकडे पाय करून निजलेली होतीस, आणि मी भर उन्हात उभा राहून ते सारवलेलं जोतं बघत राहिलो. तू एक रात्रही तिथे झोपली नाहीस, शैला.

आणि काल कुंदानं तुला माफ केलं.

*

वरचं लिहून काही दिवस झाले. वाचून बघितलं. बाबांचं, स्लॅबचं जे लिहिलंय ते खोटं नाही, पण त्याच्याआड लपतोय असं वाटलं. बाबांनी कुणाला बाहेर ठेवलं नव्हतं. असो.

मी परळला गेलो. ह्या वेळी वर गेलो. कुंदाच्या सुनेनं दार उघडलं, सडपातळ पोरगी, हातात लॅपटॉप. जिचे दिवस भरत आलेत असं मी तुला सांगितलं होतं, ती हीच. कुंदा आतून आली. मी दुपटं तिच्या मांडीवर ठेवलं आणि दोन्ही पुड्या टीपॉयवर. तिनं दुपट्यावरून हात फिरवला. टाका लगेच ओळखला. "शैलाचं आहे. कुणासाठी?"

"तुमच्या नातवासाठी."

"कुठला नातू?"

मग मी सांगितलं. कसं सांगितलं ते विचारू नकोस, धड एक वाक्य पुरं झालं नाही. सुनेनं लॅपटॉप मिटला. मी पुडी उघडली, तांदळाचा रंग उडाला होता. सगळं झाल्यावर कुंदा म्हणाली, "म्हणजे तिला वाटलं, आम्ही आलो नाही?"

मी हो म्हणालो.

"आणि तशीच गेली?"

मला वाटलं, ही आता चपलेनं मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं अक्षता तळहातावर घेतल्या, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधल्या आणि म्हणाली, तुम्ही आता जा. सून मला लिफ्टपर्यंत सोडायला आली. तिनंच बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी निर्मलाचा फोन. शनिवारची तीन तिकिटं काढा. बाकी काही नाही. बसमध्ये त्या दोघी पुढे, मी मागे, सगळ्या सामानासकट. खोपोलीला बस थांबली तेव्हा त्यांनी चहा घेतला, मला विचारलं नाही. मी माझा घेतला.

सकाळी पोचलो. काजूला मोहर आलाय. तुझ्या अंगणात पाचोळा साठला होता. मी पुढे होऊन दार ढकललं. हलेना. खांदा लावला. अशोक लांबून ओरडला, मागल्या दारानं या. कुंदा खळ्यात उभी होती. आधी तिनं भिंती बघितल्या, वर कौलांकडे बघितलं, आणि मग दार. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आयुष्यात ज्याला भ्यालो तो चेहरा कसा होतो ते बघायला. ती भंगार म्हणाली नाही. मला हातानं बाजूला केलं. मूठ धरली, वर उचलली, आणि गुडघा मारला. दार उघडलं.

"आमचं दार," ती निर्मलाला म्हणाली. मग आत तोंड करून, "शैले, इलंव गो." आणि तिथे उंबऱ्यावरच मटकन खाली बसली आणि रडायला लागली. माझ्याकडे येऊन रडली होती तसं नाही. हे आतड्यातलं होतं. पदराची गाठ सोडून तिनं ते तांदूळ उंबऱ्यावर ठेवले.

निर्मलाला तिचं दार स्वयंपाकघराला सापडलं. आतल्या बाजूला तिच्या धाकट्यानं कर्कटकानं खरवडलेलं नाव तसंच आहे, तू त्यावर रंग नाही लावू दिलास. काय घाणेरडं अक्षर आहे पोराचं. ती त्यावर बोट फिरवत उभी राहिली आणि मग रडता रडता हसली. कुंदा भिंतींना हात लावत फिरत होती, गार आहे गं आत, म्हणत होती. कोपऱ्यातला फुगवटा बघून थांबली. हे काय? मी म्हटलं, ते मी केलंय. दिसतंयच, ती म्हणाली. दिवसभरात माझ्याशी तेवढंच बोलली.

दोघींनी घर झाडलं. अशोकच्या बायकोकडून शेण आणून पुढची खोली सारवली. भटजी नाही, पूजा नाही, ते आता वर्ष झाल्यावर. चूल मात्र निर्मलानं पेटवली आणि काळा चहा केला, एक पेला तुझ्यासाठी खिडकीत ठेवला. संध्याकाळी कुंदा म्हणाली, आम्ही आज इथेच राहणार. मलाही बरं वाटलं. वाटलं, निदान आता. मी माझी बॅग उचलली आणि पायरी चढलो. कुंदा दारात आली. चौकटीला हात लावून उभी राहिली. रागावून बोलली नाही ती.

"तुम्ही इथे नको, भाऊजी. ती झोपायची तिथे जा."

मी बॅग घेऊन खाली उतरलो.

आता अशोकच्या पडवीत तुझ्या बाजेवर बसून हे लिहितोय. अंधार पडायच्या आत पुरं करायचंय. थंडी सरत आलीय म्हणतात, तरी फरशीतून पायात शिरतेय. पौषात काय असेल. मी तुला साधं विचारलंही नाही कधी, पांघरूण पुरतं का. भिंतीला तुझ्या वेणीच्या तेलाचा डाग आहे, जिथे तू टेकून बसायचीस तिथे. मी तिथेच टेकलोय.

समोर त्यांनी सोलरचा दिवा लावलाय. कुंदाचं दार उघडंच आहे, आतून त्यांचं बोलणं ऐकू येतंय, मधेच निर्मला हसतेय. इथून घर पूर्ण दिसतं, शैला, दारापासून कौलांच्या शेवटच्या ओळीपर्यंत. सगळा हिवाळा तू इथे बसून हेच बघितलंस, आत अंधार असताना.